माफ करायचंय पण जमत नाही? आधी उधारीचा कागद काढा

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, आम्हा ख्रिस्ती लोकांना लहानपणापासून तोंडपाठ, पण त्यातल्या एका शब्दाकडे माझं लक्ष गेलं ते पार चाळिशीनंतर. आमच्याकडे म्हणतात त्यात ‘ऋण’ शब्द आहे, जसं आम्ही आमच्या ऋण्यांचं ऋण सोडलं तसं तू आमचं सोड. म्हणजे हा सरळसरळ उधारीचा मामला आहे, आणि उधारी सोडायची तर आधी ती किती आहे हे तर माहीत पाहिजे ना.

माझी उधारी मोठ्या जाऊबाईंकडे होती. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्या सापडेनात आणि जाऊबाईंनी चर्चमधल्या चार बायकांना सांगितलं की धाकटीने नेल्या. पाटल्या नंतर त्यांच्याच कपाटात निघाल्या, पण ते सांगायला मात्र कोणी चर्चमध्ये गेलं नाही.

तर पहिलं काम, एक कागद घ्या आणि काय झालं ते लिहा. ‘ती कायम असंच करते’ हे चालणार नाही, कधी, काय, कोणासमोर, तेवढंच. मी लिहायला बसले तेव्हा कळलं की मला पाटल्यांचं काहीच नव्हतं, माझं नाव गेलं होतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात भलत्याच वस्तूसाठी भांडत होते. कागद कोणाला दाखवू नका, फॅमिली ग्रुपवर तर अजिबातच नाही.

मग ‘जाऊदे, एवढं काही नाही’ म्हणायची घाई करू नका. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, येशूने दोन कर्जदारांची गोष्ट सांगितलीय. एकाला राजाने दहा हजार तालंत (तालंत म्हणजे त्या काळचं पैशाचं मोठं माप) सोडले आणि तो बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मला वाटायचं शंभर दिनार म्हणजे चिल्लर. पण दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज! द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, जाणाऱ्या बाईचा रोज ४०० धरला तरी ४० हजार होतात, ते काय कमी आहेत? म्हणजे आपलं दुखणं खरंच आहे, येशू त्याला खोटं म्हणत नाही. फक्त तालंताचे साधारण ६ हजार दिनार धरले तर देवाने, म्हणजे गोष्टीतल्या राजाने, आपल्याला सोडलेली रक्कम ६ कोटी रोजांची होते. हे गणित मी भाजी निवडता निवडता केलं आणि मला हसूच आलं.

आता प्रेमाचं. वैऱ्यांवर प्रेम करा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, हे मत्तय ५:४४. पोटातून माया येईल म्हणून वाट बघत बसलात तर जन्म जाईल. त्या माणसासाठी एक ठरावीक गोष्ट मागा. मी जाऊबाईंचा गुडघा मागितला, ऑपरेशन होतं त्यांचं. पहिला आठवडा दात-ओठ खाऊनच मागितला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी खरंच फोन करून विचारलं की वॉकर घेतला का. नाताळला करंज्यांचा डबा पाठवला, स्वतः गेले नाही, मुलाच्या हाती दिला, तेवढंच झेपत होतं.

आणि हो, एकदा माफ केलं की संपलं असं नसतं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला त्या चौघींपैकी एक समोर आली आणि माझ्या पोटात परत तेच, जसंच्या तसं. किती वेळा माफ करायचं यावर येशू म्हणतो सातदा नाही तर सत्तर वेळा सात, म्हणजे ४९० नव्या चुका असं मी धरायची, पण एकच चूक ४९० वेळा सोडावी लागते हा माझा अनुभव. मग नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसल्या बसल्या परत सोडायची.

वेळ लागू द्या. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षं वेगळ्याच राहिल्या, स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. तुम्हाला रविवारपर्यंत उरका असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

एक मात्र नीट ऐका. माफी वेगळी आणि विश्वास वेगळा. घरात मारहाण होत असेल तर क्षमा करायची म्हणून परत त्याच घरात जाऊन राहायचं, असं शास्त्रात कुठेही नाही, मग सांगणारा चर्चचा पाळक असो नाहीतर सासरा. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा, आधी सुरक्षित व्हा, माफीचं नंतर बघू. मीसुद्धा जाऊबाईंकडे दागिने ठेवायला देणार नाही.

बोलायला जायचं असेल तर एकटीने जा, मत्तय १८:१५ तेच सांगतं, आधी दोघांतच. मी गेले तेव्हा त्या सॉरी म्हणाल्या नाहीत. चहा टाकला, आणि बशी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, करंज्यांना सारण जरा कमी पडलं होतं गं.