लहान कार्यालयासाठी पांढरा फळा निवडताना

पांढरा फळा विकत घेताना बहुतेक ग्राहक त्याची पुढची बाजू पाहतात. गोव्यात राहणाऱ्याने मात्र दुकानात तो आधी पालथा करून पाहावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. फोंड्यातील आमच्या चार माणसांच्या करसल्ला कार्यालयात लावलेला पहिला फळा दिसायला झकास होता. त्याच्या पाठीला नुसता पुठ्ठा होता, त्यामुळे दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचा खालचा कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुटली. शिवाय आदल्या वर्षीच्या विवरणपत्रांच्या तारखा कितीही पुसल्या तरी फिकट निळ्या रंगात वाचता येत राहिल्या.

दुकानात जाण्यापूर्वी भिंत ठरवावी. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या बाहेरच्या भिंतीला झोडपतो, तिच्यावर फळा लावू नये. आतली, दोन खोल्यांमधली भिंत चांगली. रंगाचे पापुद्रे सुटले असतील किंवा बोटाने ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजत असेल, तर ती भिंत सोडून द्यावी. खिडकीच्या समोरची भिंतही टाळावी, कारण उजेड फळ्यावर आदळून अर्धा मजकूर दिसेनासा होतो. खिडकीला काटकोनात असलेली भिंत त्या मानाने बरी. वातानुकूलन यंत्राच्या खाली तर फळा मुळीच नको, कारण त्याची नळी तुंबली की पाणी नेमके फळ्यावर ठिबकते.

भिंत ठरली की आकार ठरवणे सोपे जाते. तीन ते पाच माणसांच्या कार्यालयाला ४ फूट बाय ३ फूट फळा सहसा पुरतो. मागच्या खुर्चीवरून, म्हणजे साधारण १० फुटांवरून वाचायचे असेल, तर अक्षर एक इंच उंचीचे हवे. येथे देवनागरी लिहिणाऱ्याने एक हिशोब अधिक करावा: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांना जागा लागत असल्यामुळे एका ओळीला सुमारे तीन इंच जातात, म्हणजे तीन फूट उंच फळ्यावर फार तर १२ ओळी मावतात. कामांची यादी त्याहून लांब असेल, तर फळा उभा लावावा किंवा मोठा घ्यावा. मोठा घेण्यापूर्वी जिन्याची रुंदी आणि वळण मात्र मोजावे, कारण पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यातून ६ फूट बाय ४ फूट फळा वर नेताना हमाल आणि मालक दोघांचीही परीक्षा होते.

यानंतर पृष्ठभाग निवडावा. पुसता येणाऱ्या मार्करच्या शाईत रंगद्रव्य, लवकर उडून जाणारे द्रावण आणि शाईला पृष्ठभागाशी चिकटू न देणारा एक स्निग्ध घटक असतो. पृष्ठभाग छिद्ररहित असेल तोवर शाई कोरड्या फडक्याने निघते, आणि तो झिजून सच्छिद्र झाला की रंग आत शिरून बसतो. मेलामाइनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पातळ थराचा फळा स्वस्त असतो आणि अधूनमधून लिहिणाऱ्याला चालतो, पण रोजच्या वापरात सर्वांत आधी तोच डागाळतो. रंग दिलेल्या पोलादी पत्र्याचा फळा मधल्या किमतीचा असतो आणि त्यावर लोहचुंबक चिकटतो. सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला पोलादावर काचेसारखा मुलामा भाजून बसवलेला फळा, ज्याला दुकानदार सिरॅमिक किंवा एनॅमल म्हणतात, महाग असला तरी ओरखड्यांना आणि डागांना दाद देत नाही. रोज लिहिणाऱ्या कार्यालयाने पैसे साठवून हाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

काचेचा फळा दिसतो देखणा आणि पुसला जातो निखळ, परंतु ४ मिलिमीटर जाडीच्या ४ बाय ३ फुटांच्या काचेचे वजनच ११ किलोच्या आसपास भरते, साधा लोहचुंबक तिच्यावर टिकत नाही, आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहत बैठक काढावी लागते. काच घ्यायचीच असेल, तर ती टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली असल्याची खात्री करावी.

दुकानात गेल्यावर संकोच बाळगू नये. पृष्ठभागावर संरक्षक प्लास्टिक असेल तर ते सोडवून घ्यावे, लाल मार्करने दोन शब्द लिहावेत, दुसरे फळे पाहत दहा मिनिटे काढावीत आणि मग कोरड्या डस्टरने पुसावे. तिथेच छटा उरली, तर घरी ती वाढेलच. लोहचुंबक सोबत न्यावा. तो चिकटला म्हणजे पत्रा आहे एवढेच कळते, मुलामा आहे की रंग हे कळत नाही, म्हणून पृष्ठभागाचा प्रकार आणि हमीचा काळ बिलावर लिहून घ्यावा. मग फळा पालथा करावा. पाठीला गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असावा, आणि चारही कडांना आतला लाकडी भुसा किंवा पुठ्ठा उघडा दिसू नये, कारण पावसाळी दमट हवा तिथूनच आत शिरते.

लावण्याचे काम वाटते तितके किरकोळ नाही. आपल्याकडच्या कित्येक भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात, आणि नुसत्या गिलाव्यात बसवलेला स्क्रू फळ्याच्या वजनाने काही दिवसांत ढिला होतो. म्हणून प्लग गिलावा ओलांडून चिऱ्यात जाईल इतका लांब घ्यावा. जुना चिरा ठिसूळ असेल, तर ड्रिलचा ठोके देणारा भाग बंद ठेवून भोक पाडायला सांगावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असावेत. समुद्राकडच्या खारट हवेत साध्या स्क्रूचा गंज भिंतीवर तांबडे ओघळ सोडतो. फळ्याच्या मागे चारही कोपऱ्यांत रबराचे लहान तुकडे ठेवले की भिंत आणि फळा यांमध्ये हवा खेळती राहते. खालची कड जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर यावी, आणि भोके पाडण्याआधी कार्यालयातील सर्वांत बुटक्या व्यक्तीला वरच्या ओळीपर्यंत हात पोचवून पाहायला सांगावे. जागा भाड्याची असून मालकाला भिंतीत भोके नको असतील, तर चाकांच्या स्टँडवरचा फळा घ्यावा.

मार्कर आडवे ठेवावेत, म्हणजे शाई एका टोकाला साचत नाही. कोणी चुकून कायमच्या मार्करने लिहिलेच, तर घाबरून घासणी हातात घेऊ नये. त्याच अक्षरांवरून पुसता येणारा मार्कर गिरवावा आणि ओला असतानाच पुसावे, बहुतेक वेळा दोन्ही शाया एकदम निघतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीला कुलूप लावण्यापूर्वी फळा पूर्ण पुसून जावे, कारण आठ-दहा दिवस तसाच राहिलेला मजकूर रंग दिलेल्या पत्र्यावरून नुसत्या डस्टरने जात नाही, त्याला साबणाच्या पाण्याचे ओले फडके आणि मग कोरडे फडके लागते.