पोटमाळ्यावरची रेल्वे : रुळांत फट सोडा

कोल्हापुरात जुन्या घराच्या पोटमाळ्यावर मॉडेल रेल्वे मांडणार असाल, तर आधी कौलांखालच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात तिथं भट्टी असते, जुलैत भिंतीला हात लावला तरी ओल लागते.

एचओ मापाचा (खऱ्या रेल्वेच्या 1:87) लवचीक रूळ साधारण 914 मिलिमीटर लांब येतो. तापमान 30 अंशांनी वाढलं की तो जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. फट नसेल तर रूळ वाकतो आणि डबे घसरतात. मी डिसेंबरच्या थंडीत रूळ टोकाला टोक भिडवून ठोकले होते. एप्रिलमध्ये वळणावरचे खिळेच उचकटून आले. म्हणून थंडीत रूळ टाकताना सांध्यात पोस्टकार्ड दुमडून धरा आणि मग काढून घ्या. भर उन्हाळ्यात टाकत असाल तर फट जवळजवळ नकोच.

गाडीला वीज रुळांतूनच मिळते; त्यासाठी दोन रूळ जोडणाऱ्या सांध्याच्या पट्टीवर विसंबू नका, ओलीनं ती काळी पडते. प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र वायर डाखा (सोल्डर करा). आणि हो, रुळांखालच्या प्लायवूडच्या कडांनाही रंग द्या. पाणी तिथूनच शिरतं.