ऑक्टेनॉलवर लिपिडच्या पिशव्या: नांदेडच्या लॅबमधून

लिपिड म्हणजे पेशीच्या पडद्यातले मेदरेणू. त्यांच्या पाणी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या (लिपोसोम) बारीक नळ्यांच्या चिपवर बनवायच्या, तर तीन प्रवाह लागतात: आतलं पाणी, त्याभोवती ऑक्टेनॉल या तेलकट अल्कोहोलात विरघळलेलं लिपिड, आणि त्याचे थेंब तोडणारं बाहेरचं पाणी. एप्रिलात नांदेडला धूळ फार, म्हणून पाण्याची दोन्ही द्रावणं आधी गाळून घ्या. आतल्या-बाहेरच्या दोन्हींत ग्लिसरॉल १५ टक्के, नाहीतर पिशव्या चिमतात किंवा फुटतात. बाहेरच्यात ५ टक्के प्लुरोनिक एफ-६८, हा साबणासारखा पदार्थ. लिपिड ऑक्टेनॉलात.

खरी मेख बाहेर जाणाऱ्या नळीच्या लेपात. प्लाझ्मानं (विद्युतभारित वायूनं) चिप काचेला चिकटवली की लगेच त्या नळीत ५ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (भिंत पाणी धरणारी करणारा पॉलिमर) भरा, पाच मिनिटांनी ओढून काढा, १२० अंशांवर भाजा. मी एकदा जेवून येऊन केलं. ऑक्टेनॉल भिंतीला असं चिकटलं की चिप गेली कचऱ्यात!

आता तिन्ही प्रवाह सोडा. थेंबाला ऑक्टेनॉलचा टपोरा खिसा लटकलेला दिसेल. त्याला छेडू नका, काही मिनिटांत तो आपोआप सुटतो आणि पातळ पिशवी उरते.