ग्रीक उताऱ्यात ‘गून’ आलं की अर्थ कसा लावावा

‘गून’ हे प्राचीन ग्रीकमधलं एक छोटं अव्यय: ‘गे’ (‘तरी, निदान’) आणि ‘ऊन’ (‘म्हणून’) यांचा संकोच, म्हणजे दोन्ही मिळून झालेला एक शब्द. इतिहासकार हिरोडोटसच्या आयोनिक या ग्रीक बोलीत तेच ‘गोन’ होतं.

१. जागा पाहा. वाक्यारंभी ते कधीच येत नाही. जोराच्या शब्दाला चिकटून मागे येतं. नामाला उपपद असेल तर मधेच घुसतं: ‘तेन गून अत्तिकेन’ (‘तेन’ हे उपपद, ‘अत्तिकेन’ म्हणजे अ‍ॅटिका, अथेन्सभोवतालचा प्रदेश). जोर मात्र नामावरच धरायचा.

२. ‘म्हणून’ लिहू नका. ‘ऊन’चा तो अर्थ पाठ असतो, म्हणून सर्रास तसं लिहिलं जातं. इथे वरचष्मा ‘गे’चा.

३. ‘गून’ विधानाला नुसती मर्यादा घालतंय की आधीच्या दाव्याला पुरावा देतंय, ते ठरवा. खरी गोची इथेच आहे. हिरोडोटसच्या पहिल्या पुस्तकात अथेन्सचा शहाणा सोलोन सर्वांत सुखी माणूस म्हणून टेलस नावाच्या अथेन्सकराचं नाव घेतो. मग लिडियाचा राजा क्रीसस विचारतो, त्याच्या खालोखाल कोण? ‘देउतेरेइआ गोन’, म्हणजे दुसरा नंबर तरी आपलाच, अशी त्याची खात्री. ही निव्वळ मर्यादा. एका ‘तरी’त काम भागतं.

इतिहासकार थ्युसिडिडीसचं (पुस्तक १, प्रकरण २) तसं नाही. सुपीक मुलखात तंटे माजतात आणि वस्ती बदलत राहते, हे त्याचं सर्वसाधारण विधान. थेसली, बोइओटिया हे ग्रीक प्रदेश ही उदाहरणं. पुढे ‘तेन गून अत्तिकेन’: अ‍ॅटिकाची माती हलकी, त्यामुळे तंटे नाहीत, माणसं पिढ्यानपिढ्या तीच. दावा मोठा, पुरावा एकाच प्रदेशाचा आणि तोही उलट बाजूने. ‘बाकीचं राहू द्या, एवढं तरी बघा,’ असा सूर आहे. इथे ‘कारण’ लिहिलंत तर ‘गून’चा ‘गार’ (ग्रीकमधला ‘कारण’) केलात, आणि लेखकाने जपून मांडलेला आंशिक पुरावा तुम्ही पूर्ण करून टाकलात. ‘निदान अ‍ॅटिकात तरी’ हेच बरोबर.

ओळखायचं कसं? मागचं वाक्य पाहा. तिथे व्यापक दावा असेल आणि ‘गून’चं वाक्य त्यातलाच छोटा तुकडा दाखवत असेल, तर पुरावा. मागे सिद्ध करण्याजोगं काहीच नसेल, तर मर्यादा.

४. संवादातलं ‘एओइके गून’ म्हणजे ‘दिसतंय तरी तसं’. ‘अगदी बरोबर!’ नव्हे, बोलणारा हातचं राखून होकार देतोय.

५. शेजारी सुटा ‘गे’ असेल तर ‘तरी’ दोनदा नको. प्लेटोच्या ‘अपोलॉजी’त सॉक्रेटिस म्हणतो, ‘एओइका गून तूतू गे…’. तिथे ‘निदान या माणसापेक्षा तरी मी जरासा शहाणा दिसतो’ एवढं पुरतं.