मोटारसायकलसाठी सॅडल स्टे घरी कसा बनवावा

कापडी सॅडल बॅगा टाकून लांबचा प्रवास करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या बॅगांना आधार नसेल, तर खड्डा लागला की त्या आत झुकतात. एका बाजूला सायलेन्सरला चिकटून करपतात आणि दुसऱ्या बाजूला चाकाच्या आऱ्यांकडे सरकतात. हे टाळण्यासाठी मागच्या मडगार्डच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी चौकट बसवतात, तिला सॅडल स्टे म्हणतात. खपाच्या गाड्यांसाठी तो तयार मिळतो. मात्र जुन्या किंवा फारशा न चालणाऱ्या मॉडेलसाठी बहुधा मिळत नाही. ज्यांना गाडीचा एखादा भाग घरी घडवून पाहायचा आहे, त्यांनी सुरुवात याच भागापासून करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तो साध्या हत्यारांत होतो, रोज उपयोगी पडतो आणि गाडीचे थांबणे किंवा वळणे त्याच्यावर अवलंबून नसते.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ब्रेकचा कोणताही भाग, हँडलचा क्लॅम्प, स्टीअरिंगचा टी (हँडल आणि पुढचे फोर्क जोडणारा भाग), स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा), चाकाचा अ‍ॅक्सल आणि पायदान या गोष्टी घरी बनवू नयेत. त्यांचे पोलाद, उष्णोपचार आणि तपासणी घरच्या गॅरेजमध्ये होणारी नाही, आणि त्या तुटल्या तर सावरायला वेळ मिळत नाही.

कायद्याची बाजूही आधी पाहून घ्यावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चासीला भोक पाडू नये, तिच्यावर काहीही वेल्ड करू नये आणि स्टे फक्त मूळ बोल्टच्या जागी, कधीही काढून ठेवता येईल असा बसवावा. तरीही शंका असल्यास आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. पुढेमागे मागच्या बाजूला कडक डबा लावायचा विचार असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2020 च्या दुरुस्तीने त्याची कमाल लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिमी ठरवून दिली आहे. तो डबा मागच्या प्रवाशाच्या जागेवर आला, तर गाडीवर फक्त चालकालाच बसता येते.

मापे आणि साचा

या कामात वेल्डिंगला जेमतेम तासभर लागतो. खरे काम त्याआधीचे आहे, आणि ते नीट झाले नाही तर कितीही सुबक वेल्ड स्टेला वाचवत नाही.

गाडी मेन स्टँडवर उभी करून, मागचा भाग धुऊन पुसून आधी बोल्ट शोधावेत. बहुतेक गाड्यांना मडगार्ड, मागची पकड आणि सीटखालचा सांगाडा जोडणारे एम-8 मापाचे, म्हणजे 8 मिमी व्यासाचे, बोल्ट असतात. प्रत्येक बाजूला किमान तीन जागा मिळायला हव्यात, आणि त्या एका रेषेत असू नयेत. एका रेषेत असतील, तर तीन बोल्ट असूनही चौकट बिजागरीसारखी हलत राहते. अनेक तयार स्टे शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टवर अडकवलेले असतात. मला ती पद्धत पसंत नाही. तो बोल्ट मागच्या चाकाचा भार घेतो आणि त्याखाली जास्तीची पट्टी घातली की नट तेवढ्या कमी आट्यांवर बसतो. दुसरा इलाज नसेल, तर पट्टीच्या जाडीइतका लांब आणि मूळ दर्जाचाच बोल्ट घ्यावा.

जागा ठरल्या की जाड पुठ्ठ्याचा साचा करावा. बोल्टच्या डोक्यांवर ग्रीस लावून पुठ्ठा दाबला, की भोकांचे ठसे जागच्या जागी उमटतात. टेपने मोजण्यापेक्षा हे जास्त अचूक ठरते, कारण सांगाड्याचे पृष्ठभाग सहसा एका पातळीत नसतात. पुठ्ठा धरूनच चार गोष्टी तपासाव्यात. सायलेन्सर आणि बॅग यांत चार बोटांचे अंतर राहते का. चालकाची टाच आणि मागे बसणाऱ्याचा पाय मोकळा राहतो का. इंडिकेटर, टेल लॅम्प आणि नंबर प्लेट मागून पूर्ण दिसतात का. आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर पूर्ण दबल्यावर स्विंगआर्म, चेन किंवा टायर चौकटीला लागतो का. शेवटची तपासणी दोन माणसांना मागे बसवून करावी, मेन स्टँडवर ती कळत नाही. इंडिकेटर झाकले जात असतील, तर चौकट खाली किंवा पुढे सरकवावी.

आता रचनेविषयी. दोन्ही बाजूंच्या चौकटी मागून, नंबर प्लेटच्या खाली किंवा टेल लॅम्पच्या वर, एका आडव्या नळीने जोडल्याच पाहिजेत. सामानाच्या वजनाने चौकट आत, चाकाकडे झुकू पाहते, आणि ते झुकणे ही आडवी नळीच थांबवते. स्वस्त स्टेमध्ये ही नळी वगळलेली दिसते. मग काही महिन्यांतच वरच्या पट्ट्या मुळाशी तडकू लागतात.

सळई की नळी

भरीव सळई जास्त मजबूत, असा सर्वसाधारण समज आहे, आणि रस्त्याकडेचे वेल्डर बहुधा 10 किंवा 12 मिमीची सळईच वापरतात. हिशेब वेगळा आहे. 10 मिमी सळईचे वजन मीटरला 617 ग्रॅम भरते. 16 मिमी बाहेरील व्यासाची आणि 1.6 मिमी जाडीची नळी मीटरला सुमारे 570 ग्रॅमच असते, पण वाकण्याला तिचा विरोध सळईच्या जवळजवळ चौपट असतो. 12 मिमी सळई घेतली तर वजन मीटरला 888 ग्रॅमवर जाते आणि तरी ती या नळीच्या निम्म्याहून थोडीच अधिक ताठ असते. म्हणून चौकटीसाठी नळी घ्यावी, आणि बोल्टच्या जागी 25 मिमी रुंद व 4 मिमी जाड पट्टीचे तुकडे. नळीची टोके वाइसमध्ये चेपून त्यातच भोक पाडण्याची पद्धत सोपी आहे, पण चेपलेल्या भागाच्या सुरुवातीलाच इंजिनाच्या थरथरीने तडा जातो. हत्यारांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट, गाडीच्या सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि कोल्हापुरात यंत्रकामासाठी उद्यमनगर ही ओळखीची ठिकाणे आहेत. नळीचे छोटे तुकडे मात्र जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडेही मिळतात.

नळी काळी किंवा साधी घ्यावी, जस्ताचा मुलामा दिलेली जीआय नळी घेऊ नये. जस्त तापल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जुनी जीआय नळीच वापरायची असेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा ग्राइंडरने पूर्ण काढावा आणि काम उघड्यावर करावे.

कापणे, वाकवणे, भोके पाडणे

कापण्यासाठी 4 इंची ग्राइंडर आणि 1 ते 1.2 मिमी जाडीची कटिंग डिस्क पुरते. ग्राइंडरचा गार्ड काढू नये. डिस्कवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नाही, हे पाहून घ्यावे. ठिणग्या जिकडे उडतात त्या दिशेला गाडी, पेट्रोलचा कॅन किंवा तेलाचे बोळे नसावेत. डोळ्यांना बंदिस्त गॉगल, अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा टीशर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

नळी वाकवण्यासाठी पाइप बेंडर नसेल, तर ती कोरड्या बारीक वाळूने ठासून भरावी, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि लाकडाच्या गोल ठोकळ्याभोवती हळूहळू वाकवावी. वाळूमुळे नळी आत बसत नाही. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या चौपट, म्हणजे 60 ते 65 मिमी ठेवली तर हे काम थंड नळीवर होते. गॅसने तापवून वाकवायचे टाळावे. वाळूत ओल राहिली असेल, तर बंद नळीत वाफ कोंडून खुंटी गोळीसारखी उडते.

पट्टीवर भोकाची जागा सेंटर पंचने ठोकून, आधी 4 मिमी आणि मग 8.5 मिमी ड्रिल चालवावे. पट्टी वाइसमध्ये घट्ट धरलेली असावी आणि ड्रिल करताना हातमोजे घालू नयेत, कारण फिरते ड्रिल मोज्याचा धागा पकडून बोट ओढून घेते. भोकाच्या दोन्ही बाजूंची कड कानशीने मोडावी आणि पट्टीचे कोपरे गोल करावेत.

टॅक आणि वेल्डिंग

गाडीवर चौकट धरून वेल्ड करण्याचा मोह होतो, तो आवरावा. पेट्रोलची टाकी जवळ असते आणि इंजेक्शनच्या गाड्यांत वेल्डिंगच्या करंटने ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक, जळू शकतो. त्याऐवजी 18 मिमी प्लायवुडवर पुठ्ठ्याचा साचा ठेवून भोकांच्या जागी बोल्ट उभे करावेत, पातळीत फरक असेल तेथे वायसर किंवा लाकडाच्या चकत्या घालाव्यात आणि पट्ट्या त्या बोल्टांवर कसाव्यात. मग नळ्या जागेवर बसवून गुण्याने काटकोन पाहावा. नळीचे टोक गोल कानशीने असे घासावे, की दुसऱ्या नळीला ते फटीशिवाय बिलगेल. 1.6 मिमीच्या नळीत फट राहिली, की वेल्डिंगला बसताच तेथे भोक पडते.

जोडाजवळचा रंग, गंज आणि तेल पूर्ण काढावे. त्यासाठी ब्रेक क्लीनर वापरू नये, कारण त्याच्या काही प्रकारांतील क्लोरीनयुक्त द्रावकातून आर्कच्या उष्णतेने विषारी वायू तयार होतो. घरगुती वीजजोडणीवर चालणारे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, 2 मिमीच्या 6013 प्रकारच्या वेल्डिंग कांड्या आणि 45 ते 55 अँपिअर करंट एवढे या नळीला पुरेसे आहे. तरी आधी त्याच नळीच्या टाकाऊ तुकड्यांवर हात बसवावा आणि तो जोड वाइसमध्ये धरून हातोडीने मोडून पाहावा. वेल्ड सोलून निघाला, तर तो आत गेलेला नाही. नळी फाटून जोड शाबूत राहिला, तर पुढे जायला हरकत नाही. चेहऱ्यावर आपोआप काळी होणारी वेल्डिंग हेल्मेट, हातांत चामड्याचे मोजे असावेत, आणि घरातली मुले त्या वेळी आसपास नसावीत.

साच्यात प्रत्येक जोडाला फक्त दोन-तीन टॅक, म्हणजे तात्पुरते धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके, मारावेत. चौकट निवल्यावर काढून गाडीवर बसवावी. सर्व बोल्ट हाताने, ओढाताण न करता आत गेले पाहिजेत. एखादे भोक 2 मिमीने हुकले असेल, तर टॅक कापून ती पट्टी पुन्हा लावावी. भोक मोठे करून किंवा चौकट खेचून बसवली, तर तो ताण कायमचा धातूत राहतो. जुळणी झाली की चौकट परत साच्यात कसून पूर्ण वेल्ड करावे, एकदा या कोपऱ्याला, एकदा समोरच्या, म्हणजे उष्णतेने ती एका बाजूला ओढली जाणार नाही. बंद राहणाऱ्या प्रत्येक नळीला खालच्या बाजूने 3 मिमीचे भोक आधीच पाडून ठेवावे. त्यामुळे कोंडलेली हवा शेवटच्या जोडातून बाहेर फुंकली जात नाही आणि पुढे पावसाचे पाणीही आत साचत नाही. स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली कडक खपली, ठोकून काढल्यावर तारेच्या ब्रशने घासावे. वेल्ड ग्राइंडरने सपाट केल्यावर सुंदर दिसतो, पण त्याची जाडी जाते, म्हणून वरवरच्या गुठळ्यांपलीकडे काही काढू नये.

भार, रंग आणि जोडणी

एका बाजूला 5 किलो सामान ठेवायचे असेल, तर तेथे 15 किलोची वाळूची पिशवी रात्रभर टांगावी. सकाळी पिशवी काढल्यावर चौकट मूळ जागी परतली पाहिजे. नंतर चौकट हाताने आत-बाहेर हलवून पाहावी, कारण खड्ड्यात धक्का तसाच येतो.

रंगाआधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसावे, मग गंजरोधक प्रायमरचे दोन हात आणि त्यावर इनॅमल. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहणार असेल, तर पावडर कोटिंग करून घ्यावे. एमआयडीसीत हे काम करणारे छोटे कारखाने असतात. भट्टीचे तापमान 180 ते 200 अंशांपर्यंत जाते, तेव्हा नळीतले भोक रंगाच्या थराने बुजलेले नाही, हे देण्यापूर्वी आणि आल्यावरही पाहावे. बोल्टखालची जागा मात्र रंगाच्या जाड थराशिवाय ठेवावी, कारण रंग दबतो आणि बोल्ट सैल होतो.

बोल्ट 8.8 दर्जाचे (हा आकडा बोल्टची ताकद सांगतो), पट्टीच्या जाडीइतके जास्त लांब घ्यावेत. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब द्यावा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावेत. सगळे आधी सैल बसवून मग थोडे थोडे कसावेत.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर, पुन्हा 200 नंतर आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला बोल्ट तपासावेत. तडा नुसत्या डोळ्यांनीही सापडतो: वेल्डच्या टोकाशी रंगावर केसाएवढी रेघ येते आणि पावसानंतर तिच्यातून तांबूस ओघळ उतरतो. संशय असेल, तर वेल्डिंगच्या दुकानात मिळणारी डाय पेनिट्रंटची फवारणी करावी. लाल द्रव पुसून पांढरा डेव्हलपर मारला, की तडा लाल रेघेने उमटतो. अशा तड्यावर वरून नुसता वेल्ड चढवू नये. तो शेवटापर्यंत घासून काढावा, पूर्ण खोलीचा नवा वेल्ड भरावा आणि तडा त्याच ठिकाणी का गेला हे शोधावे. बहुतेक वेळा शेजारचा बोल्ट सैल झालेला सापडतो किंवा मागची आडवी नळी वाकलेली असते, आणि ते दुरुस्त होईपर्यंत स्टेवर सामान लादू नये.