पांढरी पेशी काचेवर चालताना कशी पाहावी

ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत हा प्रयोग करता येतो. मात्र तो शिक्षकांच्या देखरेखीखाली, स्वतःच्याच रक्तावर करावा.

बोट स्पिरिटने पुसून निर्जंतुक लॅन्सेटने टोचावे आणि रक्ताचा थेंब स्वच्छ कव्हरस्लिपवर (पातळ झाकणकाचेवर) घेऊन ती ओल्या टिपकागदासह झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ३७ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवावी. नंतर कोमट हँक्स द्रावणाने (पेशींना मानवणाऱ्या क्षारांच्या पाण्याने) गुठळी हलकेच धुऊन काढली, की तांबड्या पेशी वाहून जातात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काचेला धरून राहतात. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन घातलेले रक्त येथे मुळीच वापरू नये, कारण पेशीपृष्ठावरील इंटिग्रिन प्रथिनांना पकड घेण्यासाठी लागणारे मॅग्नेशियम ईडीटीए बांधून टाकते.

आता द्रावणाच्या थेंबासह कव्हरस्लिप काचपट्टीवर उलटी ठेवावी, प्रयोगशाळेतील नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाचा डायफ्राम (प्रकाश आत सोडणारे छिद्र) अरुंद करावा आणि एकाच पेशीवर दहा मिनिटे नजर खिळवून ठेवावी. पुढच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंनी ढकललेला पातळ, पारदर्शक पदर पसरतो, कणीदार पेशीद्रव्य त्यात ओतल्यासारखे शिरते आणि मागे चिकटून राहिलेली शेपटी शेवटी सुटून आत ओढली जाते. हा क्षण मला सर्वांत सुंदर वाटतो. पेशी मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी सरकते.

काच म्हणजे ऊती नव्हे, हे मात्र वहीत नोंदवावे: इंटिग्रिन नसलेल्या पांढऱ्या पेशीही ऊतींच्या त्रिमितीय जाळीतून वाट काढतात, असे २००८ साली उंदरांवरील संशोधनात दिसले. काचा हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवून मगच टाकाव्यात.