फ्रंट-एंडवाल्यांनो, सीएमएस निवडताना या चुका टाळा

सीएमएस म्हणजे साइटचा मजकूर भरायची आणि सांभाळायची यंत्रणा. ती निवडतानाची पहिली चूक मी स्वतः केली आहे. एका मराठी मासिकाच्या साइटसाठी मी हेडलेस सीएमएस (ते फक्त मजकूर सांभाळतं, साइटची पानं आपण वेगळी बांधतो) घेतलं, कारण मला रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत काम करायचं होतं. साइट झटकन उघडायची. पण संपादन पाहणाऱ्या ताई लेख टाकून ‘पब्लिश’ दाबायच्या आणि साइटवर काहीच दिसायचं नाही. मागे बिल्ड (साइटची पानं नव्याने तयार होणं) चालू असायचा. त्या पुन्हा दाबायच्या, की पुन्हा नवा बिल्ड. शेवटी त्या लेख मलाच मेल करू लागल्या.

प्रीव्ह्यूची सोय मी केलीच नव्हती. नेहमीच्या वर्डप्रेसमध्ये ती आयती मिळते. हेडलेसमध्ये ड्राफ्ट दाखवणारं पान आपल्यालाच बांधावं लागतं. कोटेशन देतानाच त्याचे दिवस धरा. वर्डप्रेस घेतलं म्हणजे रिअ‍ॅक्ट सुटलं, असंही नाही. डिसेंबर २०१६ मधल्या ४.७ आवृत्तीपासून मजकुराचं रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला मजकूर मागवता येण्याची सोय) त्यात आहेच. फक्त तसं वापरलं की प्रीव्ह्यूचं काम पुन्हा तुमच्याकडे येतं.

दुसरी चूक म्हणजे इंग्रजी डेमो बघून होकार देणं. वर्डप्रेसमध्ये ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई’ असं शीर्षक टाकून बघा. लिंकमध्ये शेवटचा ‘ई’ गळतो आणि ‘पाणीटंचा’ उरतं! लिंकमधल्या या शीर्षकाच्या भागाला स्लग म्हणतात, आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं, आणि टक्क्याच्या खुणांसह लिंकमध्ये ९ अक्षरांचं होतं. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे २२ चिन्हांतच जागा संपते. स्लग हाताने, छोटा आणि रोमन लिपीत लिहायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे लिंका बदलल्या की रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर नेणं) सांभाळत बसावं लागतं.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल, तर कुठलंही सीएमएस तो आपोआप सुधारत नाही. पेस्ट केला की अगम्य अक्षरं दिसतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. यात वेळ जातो, आणि क्लायंटला तो आधी सांगणं हे आपलं काम आहे.

सही करण्याआधी, रोज लिहिणाऱ्या माणसापुढे लॅपटॉप ठेवा. एक खरा लेख, दोन फोटो, एक दुरुस्ती. तुम्ही शेजारी गप्प बसा आणि हात कुठे अडतो ते लिहून घ्या. मग तोच लेख एक्स्पोर्ट करून फोटोंसकट बाहेर येतो का, तेही बघा.